ड्रॉवरमधली चार पानं

पोलीस ठाण्यातला रायटर म्हणजे लेखक नव्हे, हे मी नातेवाइकांना कितीदा तरी समजावून सांगितलं आहे. साहेब प्रश्न विचारतात, समोरचा माणूस उत्तरं देतो आणि जो हवालदार शेजारी बसून त्याचा जबाब लिहितो, तो रायटर. जळगाव जिल्ह्यातल्या निरनिराळ्या ठाण्यांत मी वीस-बावीस वर्षं हेच केलं. पण मनातल्या मनात मी स्वतःला लेखकच समजत होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही. 'तुमचा जबाब वाचला की माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो,' असं एक जुने साहेब मला एकदा म्हणाले होते. ते वाक्य मी घरी येऊन बायकोला सांगितलं, मग मेहुण्याला सांगितलं, आणि पुढे संधी मिळेल तेव्हा इतरांनाही सांगत राहिलो.

ज्या हवालदारांनी मला हे काम शिकवलं त्यांची शिस्त एकच होती. प्रश्न लिहायचे नाहीत. 'समक्ष विचारल्यावरून सांगतो की' असं सुरुवातीला एकदा लिहिलं की विचारणारा माणूस कागदावरून गेला. पुढे सगळं मी, मी, मी. मी अमुक गावी राहतो, मी अमुक काम करतो, मी त्या दिवशी तिकडे गेलो होतो. चाळीस प्रश्नांची चाळीस तुटक उत्तरं एकापाठोपाठ अशी बसवायची की सांधा दिसता कामा नये. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा माणूस आपण होऊन बोलत सुटलाय. या कामात माझा हात कुणी धरत नव्हता, आणि मला ते माहीत होतं.

मग आमच्या ठाण्यात तो बदलून आला.

तो आणि मी एका बॅचचे. धुळ्याला ट्रेनिंगला शेजारी-शेजारी खाटा होत्या आमच्या. तो धुळे तालुक्यातला, मी एरंडोलकडचा. ठाण्यात त्याला सगळे धुळेवाला म्हणायचे, मीही तेच म्हणेन. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कॉम्प्युटर आला तरी दोन बोटांनी टाइप करायचा आणि दर ओळीला थांबून कळफलकाकडे बघायचा. तोही रायटर, आणि त्याचे जबाब म्हणजे नुसती प्रश्नोत्तरं. प्रश्न: तुम्ही तिथे का गेलात? उत्तर: बोलावलं म्हणून. प्रश्न: कोणी बोलावलं? उत्तर: गप्प. पुन्हा प्रश्न: कोणी बोलावलं? हे असं पानंच्या पानं. शाळेच्या मुलाची वही वाटायची. पहिल्यांदा वाचला तेव्हा मी मोठ्यानं हसलो होतो, आणि तोही माझ्याबरोबर हसला होता.

सहा महिन्यांनी नवे पीआय साहेब आले. वयानं तरुण, वाचनाची आवड असलेले. त्यांनी दोघांचेही जबाब मागवून घेतले. माझे चाळले आणि 'छान' म्हणाले. त्याचा एक वाचायला घेतला तो शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाले, 'हे वाचताना मी त्या खोलीत बसलोय असं वाटतं.'

खोलीत बसलोय. माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो, याच्यापेक्षा हे वाक्य मोठं होतं, हे मला तिथल्या तिथे समजलं. माझ्या पोटात दुखायला लागलं आणि ते दुखणं मी पुढे दीड वर्ष बाळगलं. त्याला चहाच्या टपरीवर कुणी हाक मारली तरी मला टोचायचं. एकदा तो बायकोला घेऊन आमच्याकडे जेवायला आला. भरीत, कळण्याची भाकरी असा बेत होता. ते गेल्यावर बायको भांडी आवरता आवरता म्हणाली, 'किती नीट ऐकून घेतात हो ते.' तिनं सहज म्हटलं होतं. मी मात्र दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही, आणि का बोलत नाही तेही सांगितलं नाही. सांगणार काय, की धुळेवाल्याचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत म्हणून मी रुसलोय?

असोद्याच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या केळीच्या मळ्यातून मोटारीची केबल चोरीला गेली, ती याच दिवसांत. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दहा-बारा दिवसांवर आली होती. विहिरीजवळच्या शेडमधलं केबलचं भेंडोळं आणि बाहेरची जोडलेली केबल, दोन्ही गेलं होतं. शेडचं कुलूप फोडलेलं नव्हतं, उघडलेलं होतं. साहजिकच संशय सालदारावर गेला. तो सातपुड्याच्या पायथ्याकडचा, मळ्यातल्याच खोलीत राहायचा. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नव्या वर्षाचं ठरतं. त्या दिवशी ज्याचं ठरलं त्याला वर्षभराचं काम आणि डोक्यावर छप्पर. ज्याचं राहिलं, त्यानं पुढच्या आखाजीपर्यंत मिळेल तिथे मजुरी करायची.

साहेबांनी त्याला बोलावून घेतलं. लिहायला मी. नव्या नियमानं मोबाईलवर चित्रण करायला धुळेवाला कोपऱ्यात उभा. पाच मिनिटांत मोबाईलमधली जागा भरली आणि चित्रण बंद पडलं. साहेब म्हणाले, राहू दे. तेव्हा धुळेवाल्यानं खिशातून वही काढली आणि सवयीनं उभ्या उभ्या खरडायला लागला. ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लिहिणारा मी असताना याला वही कशाला हवी? आज असा जबाब लिहायचा की साहेबांनी त्याच्या वहीकडे बघायचंच नाही, असं मी ठरवलं.

सालदार तिशीच्या आतबाहेरचा असेल. विचारलं तेवढंच बोलायचा. शेडची चावी कुठे असते, असं साहेबांनी विचारलं तर म्हणाला, मालकाला माहीत. साहेब म्हणाले, दारामागच्या खिळ्याला असते ना? तो म्हणाला, हो, तिथंच असते. रात्री कुठे होतास? खोलीत. कुणी पाहिलं? कुणी नाही. मग साहेब केबलवर आले. केबल कशानं कापतात, असं विचारलं. तो म्हणाला, माहीत नाही. साहेब म्हणाले, वर्षभर मोटारीवर काम करतोस आणि माहीत नाही कसं? तो गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं, विळ्यानं कापेल का?

'इळाघाई नही कापास, साहेब,' तो म्हणाला.

'मग काय लागेल?'

'लोखंड कापानं पातं लागस.'

मोटारीजवळ वावरणारा कुठलाही माणूस हेच सांगेल. साहेबांनाही त्यात विशेष वाटलं नाही. तेवढ्यात चहा आला. चहा पिता पिता साहेबांनी सहज विचारलं, घरी कोण कोण असतं. बायको बाळंतपणाला माहेरी गेलीय, दिवस भरलेत, अजून काही निरोप नाही, असं तो म्हणाला आणि बोलता बोलता रडायला लागला. चहाचा कप तसाच त्याच्या हातात राहिला.

मी लिहिलेलं मला आजही पाठ आहे. 'शेडची चावी दारामागील खिळ्यास असते, हे मला माहीत आहे. केबल विळ्याने कापली जात नाही, त्यास लोखंड कापण्याचे पाते लागते. त्या रात्री मला कोणीही पाहिलेले नाही.' आणि त्याच्या खाली कंसात: 'यावेळी सदर इसम रडू लागला.'

बायकोचं बाळंतपण मी गाळलं. गुन्ह्याशी संबंध नाही ते लिहायचं नाही, ही शिस्तच होती. प्रश्न गाळले, ती तर जुनीच पद्धत. रात्रीचं वाक्य मी ओढून पात्याच्या खाली घेतलं, कारण तिथे ते शोभून दिसत होतं. यात एकही गोष्ट खोटी नव्हती. प्रत्येक गोष्ट त्याच्या तोंडून आली होती. तरी कागदावरचा तो माणूस आणि आमच्यासमोर चहा पिणारा माणूस, हे दोन वेगळे होते, आणि टाइप करतानाच मला ते कळत होतं. मला थांबता आलं असतं. पण जबाब फारच चांगला जमत चालला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी तो निवांत वाचला. खोलीत ते स्वतः होते, प्रश्न त्यांनीच विचारले होते, तरी एका रात्रीत ते प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेले असावेत. कागद खाली ठेवून म्हणाले, 'याला सगळं माहिती आहे.' मग माझ्याकडे बघून म्हणाले, 'जबाब मस्त घेतलात.' दीड वर्षांनी माझ्या पोटातलं दुखणं थांबलं. सालदाराला अटक झाली. त्याच्या खोलीची झडती घेतली, तिथे काही सापडलं नाही. पण न सापडण्याचंही काही वाटू नये, इतका तो जबाब चांगला होता.

असला जबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पण साहेब तो वाचतात. त्यावरून जामिनाला विरोध करणारं म्हणणं तयार होतं. फिर्यादी टेबलापलीकडे बसलेला असतो, त्याच्या कानावर दोन ओळी जातात. मग तो गावात सांगतो. पुरावा नसलेला कागद किती लांब चालत जातो, ते आम्हा रायटरांनाच ठाऊक.

अटकेच्या दुसऱ्या दिवशी धुळेवाला मला टपरीवर गाठून बोलला. त्यानं वहीतली चार पानं फाडून आणली होती. त्याच्या त्या कोंबडीच्या पायांत सगळं होतं, चावीचा प्रश्न, दोनदा विचारलेलं पातं, चहा, बाळंतपण, रडणं.

'भाऊ, त्याले इचारेल काय व्हतं, ते बी लिखी टाक,' तो म्हणाला. 'जबाब तुन्हा शे. तूच साहेबले दे.'

तो थेट साहेबांकडे जाऊ शकला असता. गेला नाही, कारण जबाब माझा होता आणि मला खाली बघायला लागू नये असं त्याला वाटत होतं. हे मला त्याच क्षणी समजलं आणि त्यामुळेच जास्त राग आला. चुगली केली असती तर मला त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या. मी पानं घेतली, बघतो म्हणालो आणि ड्रॉवरमध्ये टाकली. वर एक जुनी फाईल ठेवली.

त्या ड्रॉवरशी मी आठ दिवस बसून होतो. पानं दिली तर साहेब काय म्हणतील, ते मला शब्दशः ऐकू यायचं. म्हणजे यांची पद्धत बरोबर, असं ते म्हणतील. उद्यापासून सगळ्यांनी असेच जबाब घ्या, असं म्हणतील. माझी बावीस वर्षं आणि माझी ती सांधे न दिसणारी वाक्यं, सगळी एका दिवसात रद्दीत. कोठडीतला माणूस मला आठवायचा, नाही असं नाही. पण आधी धुळेवाला आठवायचा, त्याची ती वही आठवायची, आणि माणूस मागे पडायचा. आखाजीच्या आदल्या दिवशी जामिनावर सुनावणी होती. पोलिसांच्या म्हणण्यात माझ्या दोन ओळी जशाच्या तशा होत्या. जामीन फेटाळला. बातमी कळली तेव्हा धुळेवाल्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मी फाईल उघडून बसलो.

आखाजीला आमच्या घरी खापरावरचे मांडे झाले, आमरस झाला. मुलगी माहेरी आली होती. मी पोटभर जेवलो.

दुसऱ्या दिवशी तो शेतकरी ठाण्यात आला. केबलचं काही कळलं का, ते विचारायला. माणूस वाईट नव्हता. सालदाराची भांडी आणि अंथरूण त्यानं नीट बांधून बांधावर ठेवली होती, कुणी आलं तर न्यावं म्हणून. खोलीत कालपासून नवा सालदार राहायला आलेला. मी म्हणालो, एवढी घाई कशाला केली, अजून काही ठरलेलं नाही. तर तो म्हणाला, 'घाई कसली, भाऊ? त्यानं तोंडानं सांगितलं ना. केबल विळ्याने कापली जात नाही, त्यास लोखंड कापण्याचे पाते लागते.'

शब्द न शब्द माझा होता. 'त्यास'सकट. तो सालदार जन्मात 'त्यास' म्हणाला नसेल. आणि हा त्याचा मालक, तीन वर्षं त्याच्याबरोबर केळीत वावरलेला, त्याचं बोलणं रोज ऐकलेला माणूस, माझं वाक्य त्याच्या तोंडचं म्हणून मला ऐकवत होता. जुन्या साहेबांनी केलेल्या कौतुकापेक्षाही हे मोठं कौतुक होतं. मला ते सहन झालं नाही. शेतकरी बाहेर गेल्यावर मी ड्रॉवर उघडला आणि चार पानं साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

साहेबांनी वाचली. मग पुन्हा वाचली. चहाच्या प्रसंगाशी आल्यावर त्यांचा चेहरा उतरला, कारण तो प्रश्न त्यांना आता आठवला. त्यांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं आणि विचारलं, ही पानं इतके दिवस कुठे होती?

मी तोंड उघडायच्या आत धुळेवाला म्हणाला, 'माझ्याकडून राहिली, सर.'

साहेब त्याला नको नको ते बोलले. एक माणूस विनाकारण आत बसला, तुमच्या आळसामुळे, असं म्हणाले. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मी शेजारी उभा होतो. दोन शब्द पुरले असते, 'सर, माझ्याकडे.' ते दोन शब्द मी काढले नाहीत. आणि लाज वाटायची सोडून मला त्या वेळी काय वाटत होतं, तर बोलणी खातानाही हा माझ्यापेक्षा उंच दिसतोय याचा जळफळाट. बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, असं का केलंस? तो म्हणाला, पानं दिलीस ना, झालं. आणि पाणी प्यायला गेला.

पुढच्या खेपेला पोलिसांनी जामिनाला हरकत घेतली नाही. सालदार सुटला. साहेबांनी शेतकऱ्याला बोलावून स्वतः चार पानं वाचून दाखवली, प्रश्नांसकट. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, प्रश्न कोणी का विचारेना, उत्तर तर त्यानंच दिलं. शिवाय नव्या माणसाचं ठरलं होतं, त्याला कुठे घालवणार? केबल सापडली नाही. ती कुणी नेली, ते मला आजही माहीत नाही. त्या सालदारानंही नेली असेल. मला फक्त एवढं माहीत आहे की त्या खोलीत त्यानं तसं काहीही सांगितलं नव्हतं.

त्यानंतर आठवडाभरानं कुठल्याशा कामासाठी मी जळगावच्या बसस्टँडवर गेलो होतो. धुळ्याच्या गाडीजवळ धुळेवाला दिसला, साध्या कपड्यांत. त्याच्याबरोबर तो सालदार, बांधावरचं ते बोचकं, आणि कडेला बसलेली त्याची बायको, मांडीवर तान्हं मूल. धुळेवाल्यानं त्याला आपल्या भावाच्या शेतावर काम लावून दिलं होतं. आखाजी होऊन गेली तरी. मला हे सांगितलंही नव्हतं. मी तसाच वळून जाणार होतो, पण त्यानं मला पाहिलं आणि हाक मारली. मग तो तिकिटाचं विचारायला खिडकीकडे गेला आणि मी त्या दोघांसमोर उभा राहिलो.

सालदारानं मला ओळखलं. साहेबांच्या शेजारी बसून लिहिणारा, म्हणून. त्यानं नमस्कार केला. आणि इतके दिवस विचारायला कुणी मिळालं नव्हतं, अशा घाईनं विचारलं, 'साहेब, मन्हा जबाबमा काय लिखेल व्हतं?'

मी म्हणालो, 'तू जे सांगितलंस तेच.'

तो जरा वेळ आठवत राहिला. बायको त्याच्याकडे बघत होती. तिलाही तेच ऐकायचं असावं, इतके दिवस तिनंही त्याला तेच विचारलं असावं.

'मंग मी अस्सं काय सांगं व्हतं?' तो म्हणाला.

तेवढ्यात धुळेवाला परत आला. गाडी आत्ताच सुटेल, चढा, असं म्हणाला. त्यानं मूल आपल्याकडे घेतलं, आईला वर चढू दिलं आणि मग खिडकीतून तिच्या हातात दिलं. सालदार पायरीवर उभा राहून वळला आणि त्यानं धुळेवाल्याला वाकून नमस्कार केला. मग माझ्याकडे पाहिलं. उत्तर अजून यायचं आहे, असं त्याला वाटत होतं. मी गाडी सुटेपर्यंत त्या नमस्काराकडेच बघत राहिलो, जो माझा नव्हता.